मदत हवी आहे: हार्ट ट्रान्सप्लांटनंतर बीपी आणि पायाची सूज

बाबांचं (वय ५८) हार्ट ट्रान्सप्लांट होऊन ७ महिने झालेत. टॅक्रोलिमसमुळे (शरीराने नवीन हृदय नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) बीपी वाढतंच असं डॉक्टर म्हणाले, म्हणून अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ (बीपीची गोळी) चालू होती, ती मागच्या महिन्यात १० केली. बीपी १५०/९५ वरून १३०/८० वर आलं पण आता दोन्ही घोट्यांना सूज, संध्याकाळी मोज्याची रेघ अशी खोल उमटते की बोट फिरवलं तरी लागते.

दम लागत नाही, सपाट झोपतात, रोज सकाळी वजन करतो ते स्थिर आहे. इको, बायोप्सी नॉर्मल. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.६, म्हणजे थोडं जास्त, त्यामुळे लघवीची गोळी वाढवायला डॉक्टर तयार नाहीत आणि डिल्टियाझेमने (बीपीची दुसरी गोळी) टॅक्रोलिमसची लेव्हल वर जाते म्हणून तेही नको म्हणतात. मीठ कमी केलंय, लोणचं पापड बंद (यावरून घरात रोज भांडण), पाय उशीवर ठेवून झालं.

गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, मनाने गोळी बदलणार नाहीये. ज्यांच्या घरी असं झालंय, अ‍ॅम्लोडिपिन कमी केल्यावर सूज किती दिवसांत उतरली, आणि बीपीसाठी त्याऐवजी काय दिलं? आणि दिवसाला पाणी वगैरे मिळून दीड लिटरचीच मर्यादा आहे, त्यात तुम्ही ताक, आमटी पण मोजता का?