‘चला हवा येऊ द्या’ मागे पडलं ते कशामुळे?

सोमवारची_रात्र
२०१४ मध्ये झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं, तेव्हा आमच्याकडे त्या वेळेआधी जेवणं उरकायची घाई असे. मार्च २०२४ मध्ये ते थांबलं तर घरात कुणाला पत्ताही नव्हता. मला हे फार लागलं. २०२५ला अभिजीत खांडकेकरला सूत्रधार करून नवं पर्व आणलं, पण आधीचे सूत्रधार निलेश साबळे आणि विनोदवीर भाऊ कदम नाहीत म्हटल्यावर आई उठून आत गेली.
माझ्या मते कार्यक्रम प्रमोशनने खाल्ला. आधी पाहुणे थुकरटवाडीत, म्हणजे कार्यक्रमातल्या काल्पनिक गावात यायचे, मग थुकरटवाडीच पाहुण्यांच्या तालावर नाचायला लागली. ज्याचा सिनेमा खपवायचाय त्याला चिमटा कसा काढणार?

नंदुरबारकर
अजिबात पटलं नाही. मराठी निर्मात्याकडे जाहिरातीला पैसा असतो कुठे? ‘सैराट’ची नवखी पोरं या मंचावर आली, शाहरुख आला. हिंदी सिनेमावाल्यांना मराठी प्रेक्षकासमोर येऊन बसावंसं वाटलं, ही ताकद होती. शिवाय भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी घराघरात गेली. ती बोली टीव्हीवर कोण ऐकवत होतं?

मीरा_डोंबिवली
प्रमोशन जाऊ दे. मला खुपतं ते वेगळंच. भाऊ कदम, सागर कारंडे साडी नेसून आले की हशा, मग कुणाच्या रंगावर, जाडीवर एक वाक्य. सोळा वर्षांच्या लेकीने विचारलं, “यात हसायचं कशाला?” मला सांगता आलं नाही. श्रेया बुगडे इतकी तयारीची नटी, मुख्य चमूत वर्षानुवर्षं एकटीच बाई. बायकांची कामं मात्र पुरुषांना.

नंदुरबारकर
ताई, ही आपली परंपरा आहे. तमाशातली मावशी पुरुषच करतो. बालगंधर्व कोण होते?

मीरा_डोंबिवली
बालगंधर्वांच्या साडीला कुणी हसत नव्हतं. बायका त्यांची नेसण्याची ढब उचलायच्या. आणि मावशी हसवते ती जिभेच्या धारेवर, कृष्णाची फिरकी घेते. नुसता पदर सावरून नाही.

पत्रवाला
कार्यक्रमातला पोस्टमन विसरलात सगळे. अरविंद जगताप पत्र लिहायचे, सागर कारंडे वाचायचे. आत्ताच हसून बेजार झालेली माणसं डोळे पुसायची. विनोदाच्या कार्यक्रमात शेतकऱ्याचं दुःख इतकं सरळ मांडायचं धाडस मी दुसरीकडे पाहिलं नाही.
सोनीवरची ‘हास्यजत्रा’ २०१८ला आली आणि पुढे गेली, कारण तिथे पाहुणा नसला तरी स्किट उभं राहतं. समीर चौघुले, नम्रता संभेराव यांना घरातली चारचौघांतली माणसं पुरतात. ‘हवा’ला विडंबनासाठी कायम दुसऱ्याचा सिनेमा लागायचा, आणि तो सिनेमा लोक विसरले की भागही शिळा. पत्रं शिळी झाली नाहीत.

सोमवारची_रात्र
पत्राचं मान्य. मीराताईंचंही, मी या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. प्रमोशनबद्दल मात्र मत बदललेलं नाही. आत्ताच आईला फोनवर पोस्टमनचं एक पत्र लावून दिलं. तिने ते दोनदा ऐकलं आणि विचारलं, “अजून आहेत का?”