होळीनंतरचे बुधवार: गावात दाखवायला डिटेक्टिव्ह पिक्चर कोणते?

प्रेषक: वामन, सिंदेवाही तालुका
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या रहस्यपट गटात मी किती हिवाळे बसलो, ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. गावी परत आलो तरी ते वेड गेलं नाही. उलट आता इथल्या पोरांना लागलं आहे आणि त्यांच्यामागून त्यांच्या आज्यांनाही. तुम्ही पाठवलेला प्रोजेक्टर समाजमंदिरात आहे. होळी झाली की मृग लागेपर्यंत दर बुधवारी शाळेच्या पटांगणात एक डिटेक्टिव्ह पिक्चर दाखवायचा, असं ठरवून राहिलो आहे.

होळीच्या आधी काही करण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) भरायला लागतात आणि वडशाच्या कंपन्यांची नाटकं गावोगाव सुरू होतात. रात्री उशिरा पडदा उघडतो अन् उजाडेपर्यंत चालतं. त्याच्यापुढे माझ्या चादरीच्या पडद्याला कोण विचारतो, बाप्पा!

अडचणी सांगतो. साडेसातशिवाय पुरता अंधार पडत नाही. एप्रिलमध्ये घरोघरची माणसं पहाटेच मोह वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता. त्यामुळे साडेनऊनंतर पटांगण रिकामं. नाल्यापलीकडच्या टोलीवरच्या (वस्तीवरच्या) लोकांना वाघामुळे पायी सोडता येत नाही, ट्रॅक्टरनं पोचवावं लागतं, आणि ट्रॅक्टरवाल्यालाही झोप असते. हिंदी सगळ्यांना समजते. इंग्रजीच्या खालच्या ओळी वाचेपर्यंत खून होऊन प्रेत उचललेलं असतं.

माझ्या मनात सुरुवात ‘माल्टीज फाल्कन’नं करावी असं आहे. बाकीचे तुम्ही सुचवा.

वामन

---

प्रेषक: मंदार

वामनकाका, भारी कल्पना!

‘फाल्कन’ला माझं मत. 1941 चा सिनेमा, जॉन ह्यूस्टननं दिग्दर्शित केलेला पहिलाच. ज्या कादंबरीवर तो बेतला, तिच्यावर आधी दोन सिनेमे निघून विसरलेही गेले होते आणि यानं नायक हम्फ्री बोगार्टचं नशीब बदललं. त्याच्या मागोमाग ‘द बिग स्लीप’ (1946) लावा. त्यातल्या ड्रायव्हरला कोणी मारलं हे मूळ कादंबरी लिहिणाऱ्या खुद्द चॅन्डलरलाही सांगता आलं नाही, असा किस्सा आहे. मग ‘लॉरा’, मग ‘चायनाटाउन’. क्रमानं दाखवलंत तर लोकांना या सगळ्या प्रकाराची वाढ कशी झाली तेही कळेल.

मंदार

---

प्रेषक: शालिनी

वामनभाऊ, मंदारचं ऐकू नका. पोरगा हुशार आहे, पण आरमोरीच्या पटांगणात चटईवर कधी बसला नाही.

‘फाल्कन’ मलाही आवडतो. पण त्यात होतं काय? एका खोलीत चार माणसं बसतात आणि एकमेकांशी खोटं बोलतात. कोण कसं खोटं बोलतं, यातच सगळी गंमत. ती भाषा कानाला लागत नसेल तर उरतो फक्त सिगारेटचा धूर. ‘बिग स्लीप’ तर मला दोनदा पाहूनही नीट सांगता यायचा नाही. तो तुम्ही मोह वेचून दमलेल्या बाईला कसा सांगणार?

दुसरी गोष्ट. ‘खुनी कोण’ यावर आपण सगळे नको तेवढे भाळलो आहोत. आपल्याकडचा प्रेक्षक नाटकाचा. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात खलनायक रंगमंचावर आल्याबरोबर ओळखू येतो, तरी लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. त्यांना तो कसा पकडला जातो ते पाहायचं असतं. शिवाय गावात खुन्याचं नाव गुप्त राहत नाही. पहिल्या रांगेतलं एक पोरगं मोबाईलवर आधीच पाहून येईल आणि मध्यंतराच्या आत सगळ्यांना सांगून मोकळं होईल. म्हणून खुनी कळला तरी बसावंसं वाटेल, असेच पिक्चर निवडा.

त्यात पहिला नंबर ‘सोनार केल्ला’चा. सत्यजित राय यांनी आपल्याच कादंबरीवर 1974 मध्ये केलेला. मागच्या जन्मातला सोन्याचा किल्ला आठवणारा मुलगा, त्याच्या मागावर दोन भामटे आणि त्यांच्या मागावर रायांचा डिटेक्टिव्ह फेलूदा. भामटे कोण हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक, फेलूदाला नाही. पोरं ओरडून ओरडून त्याला सांगतील बघा. फेलूदा झालेल्या सौमित्र चटर्जींबरोबर तो जटायू आहे ना, सनसनाटी कादंबऱ्या लिहिणारा, त्याला पाहून आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर आठवतील. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड वाचलेली पिढी अजून गावात आहे.

दुसरा, ‘कानून’ (1960). एकही गाणं नाही, तरी माणूस उठत नाही. चोराच्या भूमिकेत आपले नाना पळशीकर आहेत, त्या कामासाठी त्यांना फिल्मफेअरही मिळालं. आणि ‘बीस साल बाद’ (1962) पाहिजेच. शेरलॉक होम्सच्या गोष्टीतला बास्करव्हिलचा कुत्रा काढून त्याजागी रात्री गाणारी बाई आणली, एवढा बदल आपल्या लोकांना मानवेल.

शालिनी

---

प्रेषक: श्रीकांत

फक्त हक्कांबद्दल. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या वर्षानंतर 60 वर्षं चालतो. त्यामुळे ‘कानून’ आणि ‘बीस साल बाद’ मोकळे आहेत. राजा परांजपे यांचा 1964 चा ‘पाठलाग’सुद्धा 2025 च्या 1 जानेवारीपासून मोकळा झाला. गाण्यांचे शब्द आणि संगीत यांचे हक्क मात्र वेगळे, ते कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. ते आधी बघून घ्या. कोणी यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (1969) सुचवणार असेल तर तो अजून हक्कात आहे. ‘सोनार केल्ला’ही. त्याची निर्मिती पश्चिम बंगाल सरकारची आहे, म्हणजे परवानगीचा अर्ज तिकडेच करावा लागेल. मसुदा मी करून देतो.

---

प्रेषक: मंदार

शालिनीताई, चटईचा टोमणा पोचला. पण बोलण्यावर न चालणारे परदेशी डिटेक्टिव्ह सिनेमे नाहीत, असं थोडंच आहे?

बॅझिल रॅथबोन या नटाचे शेरलॉक होम्सचे सिनेमे घ्या. 1939 ते 1946 मध्ये चौदा आले. पहिले दोन जुन्या काळातले. पुढे स्टुडिओ बदलला आणि होम्स थेट दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या मागे. बहुतेक तास-सव्वा तासाचे, म्हणजे काकांच्या ट्रॅक्टरवाल्याची झोप शाबूत. त्यातल्या चारांचे हक्क अमेरिकेतही संपले आहेत. ‘टेरर बाय नाइट’ जवळजवळ पूर्ण आगगाडीत घडतो: लंडन ते एडिंबरा, एक हिरा, खून, एक तास. ‘सीक्रेट वेपन’मध्ये नाचणाऱ्या माणसांची सांकेतिक लिपी आहे. पिक्चरच्या आधी ती आकृती शाळेच्या फळ्यावर काढून ठेवा आणि पोरांना सोडवू द्या.

आणि मे महिन्यासाठी कुरोसावाचा ‘स्ट्रे डॉग’ (1949). कोवळ्या पोलिसाचं पिस्तूल भर गर्दीच्या बसमध्ये चोरीला जातं आणि त्याच पिस्तुलानं पुढे गुन्हे घडतात. तोक्यो उन्हानं नुसतं भाजून निघालेलं. प्रत्येक माणूस पंखा हलवतोय, रुमालानं मान पुसतोय, पाऊस पडत नाही म्हणून वैतागलाय. चंद्रपूर जिल्ह्याच्या मे महिन्यात हे कोणाला समजावून सांगायला लागणार नाही. तो पोलीस चोरबाजारात हिंडतो तो भाग तर कितीतरी मिनिटं जवळजवळ मुका आहे. पिक्चर दोन तासांचा, म्हणजे अगदी काठावर बसतो.

बोलणं लागेल तिथे पडद्याशेजारी कोणी उभं राहून सांगावं. जपानमध्ये मूकपटांच्या काळात हाच धंदा होता, बेन्शी म्हणत. कुरोसावाचा एक मोठा भाऊ बेन्शीच होता.

---

प्रेषक: वामन

सगळ्यांचं वाचलं. सांगणारा मिळाला! आमच्याकडे एक दंडारवाले (दंडार म्हणजे इकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य) काका आहेत, पायात चाळ नसले तरी आवाज पटांगणाच्या टोकाला जातो. त्यांना ‘टेरर बाय नाइट’ दुपारी मोबाईलवर दाखवला. त्यांनी होम्सला पहिल्याच दमात ‘शेरूभाऊ’ केलं आणि वॉटसनला ‘डॉक्टरबुवा’. मी विरोध केला नाही, कारण निजेल ब्रूसचा वॉटसन खरंच तसा आहे.

तर पहिला बुधवार आगगाडीचा. मग फळ्यावरची नाचणारी माणसं. ‘कानून’ आणि ‘बीस साल बाद’ मध्यंतराला तोडून दोन-दोन बुधवारी. शालिनीताई, तुम्ही यावर चिडाल, पण साडेनऊला माणसं उठतात म्हणजे उठतात. आणि आठवडाभर पाणवठ्यावर त्याचीच चर्चा होईल हा वरचा फायदा. गाणाऱ्या बाईच्या पुढच्याच बुधवारी 1939 चा खरा बास्करव्हिल लावतो. कुत्रा बरा की बाई, गावच ठरवेल. ‘स्ट्रे डॉग’ मे महिन्याच्या मधल्या बुधवारी, कारण त्यानंतर लग्नं फार आहेत आणि डीजेपुढे कुरोसावाचं काही चालायचं नाही. ‘पाठलाग’ मृगाच्या तोंडावर, पाऊस लवकर आला तर समाजमंदिरात. श्रीकांतराव, कलकत्त्याच्या अर्जाचा मसुदा लवकर पाठवा. होकार आला तर फेलूदासाठी बास्करव्हिलच्या कुत्र्याला पुढे ढकलीन.

‘फाल्कन’ मी सोडला नाही. तो बुधवारी नाही, रविवारी दुपारी, समाजमंदिराची दारं लावून, इंग्रजी वाचू शकणाऱ्या तीन पोरांना घेऊन. त्यातल्या एकीला पुढे वकील व्हायचं आहे. माणसं खोटं कशी बोलतात ते तिनं बोगार्टकडून शिकलेलं बरं.

प्रोजेक्टरचा दिवा मंद झाला आहे. तिकडून येणारं कोणी असेल तर नवा आणता येईल का? मॉडेलचा नंबर मंदारला वेगळा पाठवतो.

वामन

---

प्रेषक: शालिनी

तोडून दाखवा, पण ‘कानून’ खुनाच्या आधी तोडू नका. बरोबर खून झाल्यावर तोडा.

दिवा माझी भाची आणेल, ती तीन आठवड्यांनी नागपूरला उतरते आहे. पुढे वडशाच्या एस.टी.त ठेवायला सांगते.