मदत हवी आहे: खुराड्यावर छप्पर कशाचं घालू?

गोराईत घरामागे ११ गावठी कोंबड्या आहेत. परवा कुंपणाजवळ दोन कावळे मरून पडलेले दिसले. हात न लावता वॉर्ड ऑफिसला कळवलं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत मेलेल्या कावळ्यांमध्येच बर्ड फ्लू सापडला होता, म्हणून धास्ती जास्त. कोंबड्या ठणठणीत आहेत, खाणं आणि अंडी नेहमीसारखी.

तेव्हापासून त्यांना बाहेर सोडलेलं नाही. दाणा-पाणी आतच, खुराड्यासाठी चपला वेगळ्या, वर नायलॉनची जाळी. पण कावळ्या-बगळ्यांची विष्ठा जाळीतून आत पडते, खरी काळजी तीच. नुसता पत्रा घातला तर बिचाऱ्या उकाड्यानेच मरतील. खुराडं आठ बाय सहा फूट, खर्च तीन-चार हजारांपर्यंत झेपेल. विष्ठा अडेल आणि हवाही खेळती राहील असं छप्पर कोणी केलंय का? कशाचं?