थेंब प्लेटच्या जवळ गेला तर बल वाढत का नाही?

धाकट्याची_आई
नमस्कार. मुलगा बारावीला आहे. मी कॉमर्सची, पण तो अभ्यासाला बसला की मीही शेजारी बसते. काल इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजणाऱ्या मिलिकनच्या तेलाच्या थेंबाचं गणित होतं. दोन आडव्या प्लेटा, मधे १६ मिमी फट, विभवांतर ५००० व्होल्ट, वरची प्लेट धन. थेंबावर ५ जादा इलेक्ट्रॉन. बल काढा.

त्याचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या हजारावा भाग आलं. ती चूक मला सापडली, मिलिमीटरचे मीटर केलेच नव्हते. पण थेंब कुठल्या प्लेटपासून किती दूर, हे गणितात दिलेलंच नाही! केसांवर घासलेला कंगवा लांब धरला तर कागदाचे कपटे हलत नाहीत, बोटभर अंतरावर आणला की टुणकन उडून चिकटतात. मग इथे अंतर का नको? मुलगा म्हणतो, "सूत्रात नाही म्हणून नको." मला हे पटत नाही, आणि त्यालाही पटू नये असं वाटतं.

प्रयोगवही
आधी आकडे. विद्युत क्षेत्र = विभवांतर ÷ फट = ५००० ÷ ०.०१६ = ३,१२,५०० व्होल्ट प्रति मीटर. प्रभार = ५ × १.६ × १०^-१९ = ८ × १०^-१९ कूलोम. दोन्हींचा गुणाकार म्हणजे बल, २.५ × १०^-१३ न्यूटन. क्षेत्र खाली, प्रभार ऋण, म्हणून बल वर. दिशा लिहायला सांगा, तिचे मार्क जातात.

खडू_फळा
ताई, शंका अगदी रास्त आहे. ३० वर्षं शिकवलं, हे विचारणारी मुलं फार थोडी भेटली.

थेंबापासून प्लेटकडे एक अरुंद शंकू काढा. थेंब दुप्पट दूर नेलात तर त्याच शंकूत प्लेटचा चौपट भाग येतो, म्हणजे प्रभारही चौपट. कूलोमच्या नियमाने प्रत्येक प्रभाराची ओढ मात्र चौथाई होते. चौपट गुणिले चौथाई, बल होतं तेवढंच. प्रत्येक शंकूचं हेच, म्हणून अंतर गळून पडतं.

अट एकच, प्लेट फटीच्या मानाने ऐसपैस हवी. मिलिकनच्या प्लेटा २२ सेंमी व्यासाच्या होत्या. कडेपाशी मात्र हा हिशेब चालत नाही.

कंगवा पडला चिंचोळा. शिवाय कपट्यावर निव्वळ प्रभार नसतोच. त्याची जवळची बाजू ओढली जाते, लांबची ढकलली जाते, आणि उरतो तो दोन्हींतला फरक. तो अंतराबरोबर झपाट्याने घटतो.

धाकट्याची_आई
सर, शंकू दोघांनी वहीत काढला. पहिला मी, दुसरा दुप्पट अंतरावर त्याने. चौकटी मोजल्या, चौपट भरल्या. मग तोच म्हणाला, थेंब अधांतरी राहायचा तर वजनही २.५ × १०^-१३ न्यूटनच हवं. तेलाची घनता ९२० किलो प्रति घनमीटर धरून त्याने त्रिज्या काढली, १.९ मायक्रॉन. बरोबर आहे का?

खडू_फळा
बरोबर. हवेचं उत्प्लावक बल (हवा थेंबाला वर ढकलते ते) सोडलंय, पण इथे ते नगण्य आहे.