नाइट मोड लावूनही झोप येत नाही

प्रश्न: मोबाइलला नाइट मोड आहे, स्क्रीन पिवळी दिसते. तरी एक वाजेपर्यंत डोळा लागत नाही. असं का?

निशाचर: नुसता पिवळेपणा पुरत नाही, उजेडही उतरवा. डोळ्यातलं मेलानोप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतं, पण ब्राइटनेस पूर्ण असेल तर पिवळ्या पडद्यानेही मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, दबू शकतं. अँड्रॉइड १२ पासून स्क्रीन आणखी मंद करणारी ‘एक्स्ट्रा डिम’ सोय आहे, ती झोपेच्या दोन तास आधी लावा. डोक्यावरची पांढरी ट्यूबलाइटही घालवा, ती कुणी हिशोबातच धरत नाही.

रातराणी: रील्स बघत असाल तर उजेड दुय्यम. त्यांना शेवटच नसतो. चार्जर स्वयंपाकघरात लावा, गजराला साधं घड्याळ.

प्रश्नकर्ता: आणि रात्री घरून तातडीचा फोन आला तर?

रातराणी: ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये घरच्या नंबरांना मुभा द्या.