मेक्सिकोतील मासुंते: दहा दिवस निवांत राहण्याचे नियोजन कसे करावे?

कोथरूडकर:
नमस्कार. मी आणि माझी पत्नी, दोघेही निवृत्त, फेब्रुवारीत मुलीकडे ह्यूस्टनला जाणार आहोत. तिथून दहा दिवस मेक्सिकोतील समुद्रकाठच्या एखाद्या लहान गावी राहून यावे, असे मनात आहे. मुलीचा आग्रह कानकूनचा आहे. आम्हाला मात्र सकाळी किनाऱ्यावर फिरणे, दुपारी वामकुक्षी आणि मागे कोणाची घाई नसणे, एवढेच हवे. मासुंते या गावाबद्दल वाचले आणि ते आवडले. आम्ही शाकाहारी आहोत, पत्नीचे गुडघे दुखतात आणि स्पॅनिश दोघांनाही येत नाही. दहा दिवसांत मेक्सिको सिटी, वाहाका शहर, मासुंते आणि कानकून अशी चारही ठिकाणे जमतील का? मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागेल का?

एरंडवण्याची भटकी:
काका, व्हिसाचे आधी सांगते. अमेरिकेचा वैध व्हिसा पारपत्रावर असेल, तर भारतीयांना पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. प्रत्यक्ष किती दिवस द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, म्हणून परतीचे तिकीट आणि राहण्याचे आरक्षण छापून जवळ ठेवा.

चार ठिकाणांचा बेत मात्र सोडून द्या. कानकून देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरिबियन समुद्रावर आहे आणि मासुंते प्रशांत महासागरावर. वेळास आणि पुरी एकाच सहलीत उरकण्यासारखे ते होईल.

वेळासचे नाव उगाच घेतले नाही. आपल्याकडे वेळासला ज्या ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले पाहायला पुणेकर पहाटे उठतात, त्याच जातीच्या कासवांच्या शिकारीवर एकेकाळी मासुंते आणि शेजारच्या सान आगुस्तिनियोची चूल पेटत असे. १९९० मध्ये मेक्सिको सरकारने कासवांच्या शिकारीवर पूर्ण बंदी घातली आणि गावाला उपजीविका बदलावी लागली. आज गावात राष्ट्रीय कासव केंद्र आहे, सहकारी तत्त्वावर साबण आणि तेले बनवणारा उद्योग आहे, आणि बाकीचे बरेचसे पोट पर्यटनावर चालते. केंद्रातील टाक्यांत निरनिराळ्या जातींची कासवे जवळून दिसतात, त्यामुळे एक सकाळ तिथे आनंदाने जाते. फेब्रुवारीत नावेने समुद्रात गेलात, तर कुबड्या देवमासे दिसण्याचीही चांगली शक्यता असते.

समुद्राच्या बाबतीत मात्र कोकणची सवय कामाची नाही. इथे लाटा जोराच्या असतात आणि ओढही मोठी आहे. पोहायचेच असेल तर गावाच्या पश्चिम टोकाला रिंकोन्सितो नावाचा आडोशाचा भाग आहे, तिथेच उतरा. शेजारच्या सिपोलितेच्या किनाऱ्यावर पाण्याची ओढ अधिक धोकादायक आहे. शिवाय तिथे वस्त्रे ऐच्छिक असतात, हे काकूंना आधीच सांगून ठेवलेले बरे.

सहकारनगर:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त मुक्काम मासुंतेऐवजी सान आगुस्तिनियोत करावा, असे माझे मत आहे. मासुंतेत टेकडीवरच्या बऱ्याच खोल्यांना पायऱ्या फार असतात, रात्री संगीतही चालते. सान आगुस्तिनियोत सरळ वाळूला लागून खोल्या मिळतात आणि दोन्ही गावांमधले अंतर थोडेच आहे. गुडघ्यांचा विचार करता आरक्षणापूर्वी खोली तळमजल्यावर आहे का, एवढे विचारून घ्या. पुंता कोमेता या टेकडीवजा भूशिरावरून सूर्यास्त अप्रतिम दिसतो. वाट चढ-उताराची आहे, तेव्हा काकूंनी काठी न्यावी, नाहीतर किनाऱ्यावरूनच सूर्यास्त पाहावा.

शाकाहाराबद्दल सविस्तर लिहितो, कारण फसगत इथेच होते. मक्याची पोळी आणि घेवड्याची उसळ पाहून आपण निर्धास्त होतो, पण उसळीत डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचे पाणी असू शकते. वाहाकाची प्रसिद्ध त्लायुदा, म्हणजे मोठी कुरकुरीत पोळी, तिच्यावरही बहुधा चरबीचा थर असतो. म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका' हे चार शब्दप्रयोग कागदावर लिहून न्या: मांस, कोंबडी, मासे आणि चरबी नको. पपई, पेरू आणि चिकू भरपूर खा. तिन्ही मूळची अमेरिका खंडातलीच. नळाचे पाणी पिऊ नका.

एरंडवण्याची भटकी:
प्रवासाचे राहिले. मेक्सिको सिटीहून विमानाने वातुल्को किंवा पुएर्तो एस्कोंदिदोला उतरून टॅक्सी करणे सर्वांत सोपे. वाहाका शहर पाहायचेच असेल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या नव्या महामार्गाने तिथून पुएर्तो एस्कोंदिदो सुमारे तीन तासांवर आले आहे. मासुंतेजवळच्या पोचुत्ला या शहराकडे उतरणारा जुना घाटरस्ता मात्र वरंध्याची आठवण करून देणारा आहे. गावात रोख पेसो लागतात, ते पोचुत्लातच काढून घ्या. आणि घरी फोन करताना लक्षात ठेवा, मासुंतेचे घड्याळ भारतापेक्षा साडेअकरा तास मागे आहे.

कोथरूडकर:
आपणा दोघांचे मनापासून आभार. कानकून रद्द केले. दोन दिवस वाहाका शहर आणि सात दिवस सान आगुस्तिनियो, असे ठरवत आहोत. उरलेला एक दिवस प्रवासाला. तळमजल्याची खोली मिळाली की इथे कळवीन.