डबीर: फारसी की संस्कृत? कुलवृत्तांतात नेमकं काय छापावं?

भीमाकाठची

माझं माहेरचं आडनाव डबीर. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्यानं छापायचं काम सुरू आहे आणि प्रस्तावनेचा कच्चा मसुदा सगळ्यांना वाचायला पाठवलाय. त्यातलं पहिलंच वाक्य असं आहे: "डबीर हा मूळ संस्कृत 'दिविर' शब्द असून यवनी अमलात त्याचा उच्चार भ्रष्ट झाला."

हे वाक्य तसंच छापू नये असं माझं ठाम मत आहे. दबीर हा फारसी शब्द आहे. अर्थ लेखक, चिटणीस, दरबाराचा पत्रव्यवहार सांभाळणारा. शाहजीराजांनी बाल शिवाजीराजांबरोबर पुण्याला जी माणसं दिली त्यांची नावं सभासद बखरीत आहेत. शामराव नीलकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस. चौघांचीही पदं फारसी वळणाची. मुजुमदारांना आणि सबनिसांना आपलं आडनाव फारसी आहे म्हणून कधी लाज वाटलेली मी पाहिली नाही. मग आपल्यालाच संस्कृतचा आडोसा कशाला हवा?

खरं कारण मला माहीत आहे, तेही सांगते. माझ्या चुलतभावाला परगावी भाड्याचं घर बघताना आडनाव दोनदा विचारलं गेलं, मग "तुम्ही कोण?" असं विचारलं गेलं, आणि मग घर "आधीच दिलंय" झालं. तेव्हापासून तो हे वाक्य छापाच म्हणून मागे लागलाय. त्याचं दुखणं मला कळतं. पण त्यावरचा उपाय म्हणून पणजोबांच्या आडनावाची व्युत्पत्ती बदलणं मला मान्य नाही.

ताम्रपट

ताई, तुमची तळमळ पोचली. पण तुम्ही घाईनं निकाल दिलाय. 'दिविर' हा कुणी परवा बसवलेला शब्द नाही. सौराष्ट्रातल्या वलभीच्या मैत्रक राजांचे ताम्रपट पाहा. सहाव्या-सातव्या शतकातले हे दानलेख. दानपत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा त्यांत 'संधिविग्रहाधिकृत दिविरपति' असा येतो. संधी आणि विग्रह, म्हणजे परराज्यांशी तह आणि युद्ध. शिवकाळातल्या डबीराचं काम काय होतं? परराज्यांचे वकील, त्यांची पत्रं, त्यांचा मानपान. हजार वर्षांच्या अंतरानं तेच काम आणि जवळजवळ तोच शब्द!

पुढे काश्मिरात अकराव्या शतकात क्षेमेंद्रानं दिविरांवर कोरडे ओढलेत, बाराव्या शतकात कल्हणाच्या राजतरंगिणीतही दिविर भेटतात. वलभीच्या पहिल्या पटांच्या वेळी इस्लामचा उदयही झाला नव्हता. तेव्हा "दबीर फारसी, सुलतानांबरोबर आला" हे अर्धंच खरं. मसुद्यातला 'यवनी अमलात भ्रष्ट' हा भाग काढा, पण दिविर ठेवा.

मोडीची गोडी

ताम्रपट यांचे पुरावे खरे आहेत, निष्कर्ष चुकतोय. दिविर संस्कृतात सापडतो म्हणून तो संस्कृत होत नाही. त्याला संस्कृत धातू दाखवा. दाखवता येणार नाही, कारण तो पहलवीतल्या, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या भाषेतल्या, 'दिबीर'चा संस्कृतातला उसना अवतार आहे. तिथल्या सासानी राजांच्या दरबारात दिबीर हा मोठा वर्ग होता, आणि पश्चिम किनाऱ्याचा व वायव्येचा इराणशी व्यापार तेव्हा चालूच होता. शब्द माणसांबरोबर येतात.

दुसरी गोष्ट मराठी रूपाची. दिविर आपल्याकडे प्राकृतातून उतरला असता तर पहिल्या अक्षरातला 'इ' आणि मधला 'व' असे सहज गेले नसते. आपल्याकडे आहे 'डबीर': पहिल्या अक्षरात अ, मध्ये ब, पुढे दीर्घ ई. ही तिन्ही लक्षणं नव्या फारसीतल्या 'दबीर'ची आहेत. द चा ड झाला यात काही नवल नाही. फारसीतला 'दफ' आपण 'डफ' केला, आणि आपल्या घरच्या शब्दांतही दंशावरून डसणे, दोहदावरून डोहाळे आहेतच.

आणि मधला दुवा कुठे आहे? देवगिरीच्या यादवांकडे हेमाद्री 'श्रीकरणाधिप' होता. त्या दरबारात लेखनखात्याचा शब्द 'करण'. दिविर वलभीला होता, काश्मिरात होता, म्हणून तो गोदाकाठी आपोआप येत नाही. १३४७ला बहमनी राज्य उभं राहिलं, मग निजामशाही, आदिलशाही. आपला डबीर त्या कचेऱ्यांतून आलाय. भीमाकाठच्या ताईंचं म्हणणं बरोबर आहे.

ताम्रपट

पहलवीतून आला हे मी नाकारलंच नव्हतं! मी एवढंच म्हणतोय की या शब्दाची भारतातली वस्ती सुलतानांपेक्षा फार जुनी आहे. कुलवृत्तांत वाचणाऱ्या पोराला हे कळायला नको का?

आणि जरा खोल जाऊ. पहलवी दिबीरच्या पोटात जुना फारसी 'दिपि' आहे, लेख या अर्थाचा. इराणचा सम्राट दारयवहू याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात तो आहे. आता अशोकाकडे या. पेशावरच्या बाजूला शाहबाजगढीला खरोष्ठी लिपीत कोरलेल्या लेखात अशोकाच्या धर्मलेखाला 'ध्रमदिपि' म्हटलंय. तोच मजकूर गिरनारला 'धंमलिपी' होतो. म्हणजे आपली 'लिपी' आणि डबिराचा 'दिपि' हे एकाच वाड्यातले. पाणिनीलाही लिपी-लिबी ठाऊक आहे. आता यातलं आपलं कुठलं नि परकं कुठलं, ते कसं ठरवणार?

मोडीची गोडी

हे मात्र तुम्ही फार सुंदर आणलंत. त्यात माझी भर. त्याच शाहबाजगढीच्या लेखात 'लिहिलं' या अर्थी 'निपिस्त' असा इराणी शब्द येतो. फारसी 'नविश्तन' म्हणजे लिहिणं, त्याच कुळातला. आणि त्यातूनच 'नवीस', जो आपल्या फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस यांच्या शेपटीला आहे. म्हणजे डबीर आणि चिटणीस या दोघांचेही पूर्वज अशोकाच्या एकाच शिळेवर बसलेत. मी तो संदर्भ पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

पण दिपिसुद्धा इराणची स्वतःची नाही. ती एलामी 'तुप्पि'कडून आली, ती अक्कादी 'तुप्पु'कडून, आणि तो सुमेरी 'दुब'कडून. या तिन्ही इराण-इराककडच्या प्राचीन भाषा. दुब म्हणजे लिहायची मातीची पाटी. सुमेरमध्ये लेखकाला 'दुबसर' म्हणत. कुठे ती ओल्या मातीत बोरूनं ठसे उमटवणारी माणसं आणि कुठे आमच्या दफ्तरातला बोरू! म्हणूनच 'मूळ संस्कृत' हे दोन शब्द छापू नका. 'मूळ फारसी' लिहिलंत तरी ते पुरतं खरं नाही.

गडकोट

एवढं सगळं वाचलं. मला प्रश्न साधा वाटतो. महाराजांनीच १६७४ला राज्याभिषेकाच्या वेळी डबीरचं सुमंत केलं. पेशव्याचं पंतप्रधान, मुजुमदाराचं अमात्य, सुरनिसाचं सचिव, वाकनिसाचं मंत्री. त्यासाठी फारसी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश करून घेतला. मग ज्या घराण्यानं सोनोपंतांचा वारसा सांगायचा, त्यानं महाराजांनी दिलेलं नाव का लावू नये? राजपत्रात जाहिरात द्या आणि सुमंत व्हा. भाड्याच्या घराचाही प्रश्न मिटेल.

भीमाकाठची

गडकोटदादा, महाराजांनी पदाचं नाव बदललं, घराण्यांची आडनावं बदलली नाहीत. कोशाचं काम कचेरीतली भाषा घडवण्याचं होतं. पदांची नावं संस्कृत झाली आणि त्याच वेळी घरोघरी डबीर, मुजुमदार, सबनीस, कारखानीस तसेच राहिले, आजही आहेत. लोकांनी दोन्ही सांभाळलं. मला त्यात विसंगती दिसत नाही, उलट मराठी माणसाचा समंजसपणा दिसतो.

आणि घराच्या प्रश्नाचं म्हणाल, तर आडनाव बदलून जो प्रश्न मिटतो तो आमच्यापुरता मिटतो. ज्याचं नाव खरंच मुसलमानी आहे त्याचं काय? दार बंद करणाऱ्याची चूक मी माझ्या नावाच्या माथी मारू? हे मला जमणार नाही.

पैनगंगा

मी डबीर नाही, पण आमच्या वऱ्हाडात डबीर शेजारी होते म्हणून लिहिते. मला खटकतं ते वेगळंच. प्रत्येक डबिराला सोनोपंतांचा वारस व्हायचंय! डबीर हे पद होतं. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मराठेशाही, प्रत्येक दरबारात ते काम करणारे निरनिराळे लोक असणार. पद गेलं तरी नाव चिकटलं. म्हणून एकाच आडनावाच्या दोन घरांची गोत्रं जुळत नाहीत, कुलदैवतं जुळत नाहीत. त्यात भ्रष्ट काही नाही.

नाना फडणवीसांचं आडनाव भानू होतं. ते कोकणस्थ, आणि आजचे कितीतरी फडणवीस देशस्थ. चिटणीस म्हटलं की बाळाजी आवजींमुळे सीकेपी आठवतात, पण चिटणिशी एकाच जातीकडे कधीच नव्हती. पदावरून पडलेल्या आडनावावरून रक्ताचा माग काढू नये. 'कुलवृत्तांत' म्हणताय खरं, पण हे एक कूळ आहे हे आधी सिद्ध करा.

ताम्रपट

पैनगंगाताई, मान्य. पण मग संख्या तरी द्यायला हवी ना? डबीर किती, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या पोटजातीत. वृत्तांतात वितरणाचा नकाशा छापणार आहेत असं ऐकलं.

मोडीची गोडी

नकाशा कशाच्या आधारावर? आपल्या जनगणनेत आडनावनिहाय आकडे प्रसिद्ध होत नाहीत. संकेतस्थळांवर 'जगात अमुक हजार डबीर' असले आकडे फिरतात, त्यांत आपले डबीर, इराणचे दबीर, उर्दूतले दबीर सगळे एकाच पोत्यात भरलेले असतात, कारण रोमन लिपीत स्पेलिंग एकच.

नुसता इराणच घ्या. तिथे आडनाव सक्तीचं झालं ते रझाशाहच्या काळात, १९२५च्या सुमारास. 'दबीर' तिथे चालता बोलता शब्द आहे. माध्यमिक शाळेचा शिक्षक तो दबीर, संस्थेचा सचिव तोही दबीर, आणि हायस्कूलला म्हणतात 'दबीरिस्तान'. अलीरेझा दबीर या तेहरानच्या पैलवानानं २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत सुवर्णपदक मिळवलं. लखनौचे मिर्झा सलामत अली 'दबीर' तर मर्सियाचे, म्हणजे शोककाव्याचे, थोर शायर, त्यांचं ते टोपणनाव. सोलापूरच्या डबिरांशी या दोघांचं नातं शब्दाचं, रक्ताचं नाही. पैनगंगा म्हणतात तेच इथेही लागू होतं.

कीर्तनवेडा

कुणी बंगालचं नाव कसं घेतलं नाही? चैतन्य महाप्रभूंचे शिष्य रूप गोस्वामी संन्यस्त होण्याआधी गौडच्या हुसेनशाहाच्या दरबारात होते आणि त्यांचा हुद्दा 'दबीर खास'. सुलतानाचे खासगी चिटणीस. पुढे त्याच लेखणीनं वृंदावनात भक्तिरसाचं शास्त्र लिहिलं. गौडीय वैष्णव हा हुद्दा आजही आदरानं सांगतात, लपवत नाहीत. भीमाकाठच्या ताईंनी हे भावाला जरूर सांगावं.

गडकोट

ते संत होते, त्यांना काही फरक पडत नव्हता. आपल्या पोरांना पडतो. तुम्ही सगळे शब्दांच्या गावात रमलात. ज्याला नावावरून अडवलं जातं त्याला शिळालेख दाखवून घर मिळत नाही. मी माझ्या मतावर आहे: नाव हे वापरायची वस्तू आहे, अडत असेल तर बदलावं. कुणी माहेरचं बदलतं, कुणी गावावरून 'कर' लावतं, तेव्हा आपण व्युत्पत्ती विचारत नाही.

भीमाकाठची

बदलावं, ज्याला बदलायचंय त्यानं जरूर. लग्नानंतर मीही बदललं, तेव्हा तुमचं हे म्हणणं मला लागू आहेच. पण बदलणं वेगळं आणि न बदलता इतिहास बदलणं वेगळं. माझी तक्रार दुसऱ्याबद्दल आहे.

ताम्रपट, तुमच्यामुळे माझंही मत हललं. मी 'फारसी' एवढाच शब्द घेऊन भांडायला आले होते. वलभीचा दिविरपति मला माहीत नव्हता. पैनगंगाताई, आमच्या यादीत खानदेशातली एक शाखा वेगळ्या गोत्राची आहे, तिला आजवर ओढूनताणून आमच्या वंशवृक्षाला जोडलेलं होतं. ती आता वेगळ्या पानावर द्या असं मी कळवलंय.

काल रात्री समितीला हे वाक्य पाठवलं: "डबीर हे पदावरून आलेलं आडनाव. फारसी दबीर, म्हणजे दरबारी लेखक, हे दख्खनच्या सल्तनतींच्या कचेऱ्यांतून मराठीत आलं. याच शब्दाचं जुनं पहलवी रूप 'दिविर' म्हणून सहाव्या शतकापासून भारतातल्या लेखांत आढळतं. शिवराज्याभिषेकाच्या वेळी या पदाला सुमंत हे नाव मिळालं." भावाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दिविर आहे ना त्यात? मग ठीक."

ताम्रपट

'सल्तनतींच्या कचेऱ्यांतून' ऐवजी 'दख्खनच्या राज्यकारभारातून' करता येईल का? अर्थ तोच राहतो.

भीमाकाठची

नाही. सल्तनत हाच शब्द राहू द्या.